खोक्यावर ४के, पडद्यावर भलतंच: टीव्हीच्या रिझोल्यूशनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा-दिवाळीत आणि पाडव्याला साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या गणपती पेठेपर्यंत टीव्हीच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. खोक्यावरचा आकडा बघून टीव्ही घरी येतो. लॅपटॉप, सेटटॉप बॉक्स किंवा सीसीटीव्ही कॅमेऱ्याचा रेकॉर्डर (डीव्हीआर) जोडला की मग खरे प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. नवीन टीव्ही घ्यायचा असेल तर दुकानातल्या तपासणीचा प्रश्न आधी वाचा, बाकीचं सवडीने.

खोक्यावर ‘फुल एचडी’ छापलंय, मग लॅपटॉप जोडला की ‘मोड नॉट सपोर्टेड’ का येतं?

टीव्हीत दोन आकडे असतात आणि जाहिरातीत एकच येतो. पहिला आकडा पॅनेलचा, म्हणजे काचेमागे प्रत्यक्ष किती ठिपके आहेत त्याचा. दुसरा इनपुटचा, म्हणजे एचडीएमआयच्या पोर्टातून टीव्ही कोणता सिग्नल आत घेतो त्याचा. हे दोन्ही सारखे असतीलच असं नाही. काही टीव्हींचं पॅनेल १९२०×१०८० (फुल एचडी) असतं, पण पोर्टामागची चिप तेवढा सिग्नल घेत नाही. उलटही होतं, आणि ते जास्त फसवं आहे: टीव्ही १०८०पी (म्हणजे १०८० रेषांचा) सिग्नल बिनतक्रार घेतो, लॅपटॉपवर १९२०×१०८० दिसतं, आणि पॅनेल मात्र १३६६×७६८ चं असतं. टीव्ही आतल्या आत चित्र लहान करून दाखवतो, आपल्याला काही कळत नाही.

म्हणून दोन प्रश्न कायम वेगळे विचारायचे. टीव्ही घेतो किती? आणि दाखवतो किती?

टीव्ही काय घेतो हे लॅपटॉपला कसं कळतं?

प्रत्येक टीव्हीच्या पोर्टाशी एक छोटी मेमरी असते. तिच्यातल्या माहितीला ईडीआयडी म्हणतात. केबल लावली की लॅपटॉप किंवा बॉक्स ती माहिती वाचतो आणि त्यात लिहिलेले मोडच (किती ठिपके, किती वेगाने) पुढे करतो. ही माहिती मुळात १२८ बाइटची असते, एचडी मोडची यादी तिच्या पुढच्या १२८ बाइटच्या पुरवणीत असते. बनवणाऱ्याने तिथे चुकीची यादी भरली, किंवा दुसऱ्या मॉडेलची तशीच उचलून टाकली, तर पॅनेल चांगलं असूनही योग्य मोड यादीत दिसत नाही. स्वस्तातल्या टीव्हीत ‘रिझोल्यूशन मिळत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते.

विंडोज ११ वर बघायचं असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा. वर टीव्हीचं नाव निवडा. तिथे दोन ओळी दिसतील: ‘डेस्कटॉप मोड’ आणि ‘अ‍ॅक्टिव्ह सिग्नल मोड’. केबलमधून खरंच काय जातंय ते दुसरी ओळ सांगते. दोन्हींत फरक असेल तर लॅपटॉपच चित्र ताणून पाठवतोय असं समजा. त्याच पानावरून ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर प्रॉपर्टीज’ उघडून ‘लिस्ट ऑल मोड्स’ दाबलं की अख्खी यादी येते.

‘एचडी रेडी’ आणि ‘फुल एचडी’ यात नक्की फरक काय?

‘एचडी रेडी’ हा शिक्का युरोपातल्या उत्पादकांच्या संघटनेने २००५ मध्ये आणला. अट अशी होती की पडद्यावर किमान ७२० आडव्या रेषा असाव्यात आणि टीव्हीने ७२०पी व १०८०आय हे दोन सिग्नल घ्यावेत (‘पी’मध्ये सगळ्या रेषा एकदम येतात, ‘आय’मध्ये एका वेळी निम्म्या). म्हणजे १०८० चा सिग्नल घेणारा टीव्ही १०८० रेषा दाखवेलच असं त्या शिक्क्याने कधीच सांगितलं नव्हतं. आपल्याकडे मात्र ‘एचडी रेडी, १०८०आय सपोर्ट’ वाचून लोक तो फुल एचडी समजून घेऊन आले.

आकड्यांत बघितलं तर १२८०×७२० म्हणजे ९ लाख २१ हजार ठिपके, १३६६×७६८ म्हणजे साधारण साडेदहा लाख, १९२०×१०८० म्हणजे २० लाख ७३ हजार आणि ३८४०×२१६० (४के) म्हणजे ८२ लाख ९४ हजार. ‘एचडी’ आणि ‘फुल एचडी’ ऐकायला जवळचे वाटतात, पण ठिपक्यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे.

३२ इंची टीव्हीचं पॅनेल १३६६×७६८ आहे, पण लॅपटॉपवर तो मोड येतच नाही. १३६०×७६८ किंवा १२८०×७२० येतो. का?

१३६६ ला ८ ने पूर्ण भाग जात नाही, १७०.७५ येतात. संगणकाचे बरेचसे डिस्प्ले मोड आठाच्या पटीत बसवलेले असतात, म्हणून जवळचा १३६० किंवा १३६८ पुढे येतो. शिवाय एचडीएमआयवर टीव्हीचे जे ठरलेले मोड आहेत त्यांत ७२०पी, १०८०आय, १०८०पी आहेत, ७६८ कुठेच नाही. त्यामुळे हा टीव्ही स्वतःच्या पॅनेलइतका सिग्नल घ्यायलाच तयार नसतो. दिलेलं चित्र तो एकतर मोठं करतो नाहीतर लहान. एक्सेलमधली बारीक अक्षरं फुटकी दिसतात ती यामुळे.

टीव्हीला जुनी निळी व्हीजीए पिन असेल तर ती लावून बघा. व्हीजीएवर १३६०×७६८ बहुतेक टीव्ही घेतात आणि अक्षरं एकदम स्वच्छ होतात, कारण ठिपक्याला ठिपका जुळतो. उजव्या-डाव्या कडेला तीन-तीन ठिपक्यांची काळी रेघ राहते, ती दिसतसुद्धा नाही. नुसते पिक्चर-मालिका बघायच्या असतील तर या कशाचीच गरज नाही.

२००६-०७ च्या सुमाराचा जुना टीव्ही आहे, त्यावर १०८०पी लिहिलंय. पण १०८०पी दिलं की पडदा काळा होतो.

त्या काळातल्या पहिल्या काही १०८०पी टीव्हींची ही मूळचीच मर्यादा आहे, बिघाड नाही. १०८०आय आणि ७२०पी या दोघांनाही सेकंदाला ७.४२५ कोटी ठिपक्यांचा वेग पुरतो. १०८०पी ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) न्यायचं तर तो बरोबर दुप्पट, १४.८५ कोटी लागतो. पॅनेल तयार होतं, पण त्या वेगाची चिप तेव्हा महाग पडायची, म्हणून पोर्टावर १०८०आयवाली बसवली. टीव्ही तोच सिग्नल घेऊन आत १०८०पी करत होता आणि जाहिरात त्या आतल्या आकड्याची होती.

लॅपटॉपवर १९२०×१०८० ठेवून रिफ्रेश रेट २४ किंवा ३० करून बघा. त्यांचाही वेग ७.४२५ कोटीच आहे, त्यामुळे यातले काही टीव्ही ते घेतात. माउसचा बाण अडखळत चालतो, पण पिक्चर बघायला चालतं. तेही नसेल तर १०८०आय ठेवा. त्याच काळातल्या ४२ इंची प्लाझ्मावर ‘एचडी’ लिहिलेलं असायचं आणि पॅनेल १०२४×७६८ चं, आडवे ताणलेले ठिपके असलेलं. त्याला कुठलाच एचडी सिग्नल ठिपक्याला ठिपका बसत नाही, तेव्हा तिथे वेळ घालवू नका.

४के टीव्ही घेतला, पण लॅपटॉपवर ४के ३० हर्ट्झच्या वर जात नाही.

सध्या सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. कारणं पाच असू शकतात, आणि ती पुढे दिलेल्या क्रमानेच तपासावीत, कारण पहिली दोन फुकट सुटतात.

आधी टीव्हीचं सेटिंग. बऱ्याच ४के टीव्हीत एचडीएमआय पोर्ट कारखान्यातून जुन्या वेगावर ठेवलेले असतात, म्हणजे जुनी उपकरणं जोडली तरी अडू नयेत. पूर्ण वेग हाताने चालू करावा लागतो. सॅमसंगमध्ये त्याला ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात, आधीच्या मॉडेलांत ‘एचडीएमआय यूएचडी कलर’ होतं. एलजीत ‘एचडीएमआय अल्ट्रा एचडी डीप कलर’. सोनीत ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ मध्ये जाऊन ‘एन्हान्स्ड’ निवडायचं. इतर कंपन्यांत ‘एचडीएमआय व्हर्जन’ किंवा ‘एचडीएमआय ईडीआयडी’ नावाखाली १.४ (जुना वेग) आणि २.० (पूर्ण वेग) असा पर्याय असतो. हे सेटिंग प्रत्येक पोर्टाला वेगळं असतं. पहिल्या पोर्टावर चालू करून केबल दुसऱ्यात घातली तर काहीच बदलणार नाही.

मग पोर्ट बदला. काही टीव्हीत तीनपैकी एकच किंवा दोनच पोर्ट पूर्ण वेगाचे असतात. पोर्टाशेजारी बारीक अक्षरात ‘४के ६० हर्ट्झ’ छापलेलं असतं. टीव्ही भिंतीला टांगल्यावर ते दिसत नाही, म्हणून मोबाइल मागे सरकवून फोटो काढा आणि वाचा.

तिसरं कारण केबल. तिच्याबद्दल पुढे वेगळं सांगितलंय.

चौथं कारण लॅपटॉप. बऱ्याच जुन्या लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट १.४ चा असतो. २००९ मध्ये आलेलं १.४ हे ४के ला फक्त २४, २५ आणि ३० हर्ट्झपर्यंत नेतं. ४के ६० साठी २०१३ चं २.० लागतं, ज्याची क्षमता सेकंदाला १८ गिगाबिट आहे. लॅपटॉपला चित्र देणारा टाइप-सी पोर्ट असेल तर त्यातून ४के ६० लिहिलेला टाइप-सी ते एचडीएमआय अ‍ॅडॅप्टर लावला की काम होतं. इथे टीव्हीचा काही दोष नसतो.

पाचवं कारण म्हणजे टीव्हीच मुळात १.४ चा. सुरुवातीच्या आणि आजच्याही काही स्वस्त ४के टीव्हीत असं आहे. त्याला घरी इलाज नाही.

४के ६० मिळालं, पण लाल आणि निळी अक्षरं फाटल्यासारखी दिसतात.

वेग कमी पडला की टीव्ही रंगाची माहिती कापतो. काळा-पांढरा तपशील पूर्ण, पण रंग चार ठिपक्यांना मिळून एकच. याला ४:२:० म्हणतात. यामुळे ४के ६० चा भार निम्मा होतो आणि तो जुन्या १.४ च्या चिपमधूनसुद्धा जातो, म्हणून काही कंपन्या त्या जोरावर ‘४के ६० हर्ट्झ’ लिहून मोकळ्या होतात. पिक्चरमध्ये फरक कळत नाही, कारण पिक्चर मुळातच तसे साठवलेले असतात. काळ्यावर लाल अक्षर लिहून बघा, लगेच कळतं.

वर सांगितलेलं पूर्ण वेगाचं सेटिंग चालू करा. मग टीव्हीच्या इनपुट यादीत त्या पोर्टाचं नाव किंवा चिन्ह बदलून ‘पीसी’ करा. अनेक टीव्ही तेवढं केल्यावरच रंग न कापता दाखवतात. विंडोजमध्ये त्याच अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेच्या पानावर रंगाचा प्रकार ‘आरजीबी’ (रंग न कापलेला) दिसला की झालं.

एवढं करूनही अक्षरं मऊच असतील तर पॅनेल चार रंगांचं असू शकतं. त्यात लाल-हिरव्या-निळ्याबरोबर एक पांढरा उपठिपका घातलेला असतो. ओळीत ११,५२० उपठिपके असतात, ते तिनाऐवजी चारात वाटले की पूर्ण रंगाचे ठिपके २,८८० च उरतात. तरी खोक्यावर ३८४० लिहिलं जातं.

चित्राच्या कडा कापल्या जातात, टास्कबार अर्धा दिसतो.

ही ओव्हरस्कॅनची जुनी सवय आहे. ट्यूबच्या टीव्हीत कडा खराब दिसायच्या म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा झाकायचे, तेच एलईडीतही चालू राहिलं. प्रत्येक बाजूने अडीच ते पाच टक्के चित्र जातं, आणि उरलेलं ताणल्यामुळे १०८० चं १०८० राहत नाही. टीव्हीच्या ‘पिक्चर साइज’ मध्ये सॅमसंगला ‘स्क्रीन फिट’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’, एलजीला ‘जस्ट स्कॅन’, सोनीला ‘फुल पिक्सेल’, बाकीच्यांना ‘डॉट बाय डॉट’ किंवा ‘१:१’ निवडा. लॅपटॉपच्या ग्राफिक्स सेटिंगमधून चित्र लहान करून बसवू नका. त्याने कडा दिसतात पण चित्र दोनदा ताणलं जातं.

एचडी सेटटॉप बॉक्स आहे, तरी चित्र धुरकट दिसतं.

बॉक्सच्या मागे बघा. लाल-पांढरी-पिवळी वायर लावलेली असेल तर बॉक्स एचडी असो वा आणखी काही, त्या वायरीतून ५७६ रेषांच्या पुढे काहीच येत नाही. केबलवाल्याचा माणूस घाईत तीच जोडून जातो आणि वर्षानुवर्षं एचडी पॅकचे पैसे भरले जातात. एचडीएमआय लावा आणि टीव्हीवर इनपुट बदला.

त्यानंतर बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट बघा. आपल्याकडचे एचडी चॅनेल १०८०आय, ५० हर्ट्झचे असतात. त्यात एका वेळी निम्म्याच रेषा येतात, ५४० विषम आणि मग ५४० सम. त्या गुंफून पूर्ण चित्र करणं टीव्हीचं काम. चांगला टीव्ही ते नीट करतो. स्वस्त बोर्ड मात्र निम्म्या रेषा घेऊन त्याच दुप्पट करतो. कुस्तीचं मैदान लावा आणि पैलवानाच्या लंगोटाची कड किंवा आखाड्याभोवतीची दोरी बघा. झटापटीत तिला कंगव्यासारखे दाते पडले किंवा ती थरथरली तर टीव्हीला ते काम जमत नाही. मग बॉक्सवर १०८०पी असेल तर ते ठेवा, नसेल तर ७२०पी, म्हणजे गुंफण्याचं काम बॉक्स करतो. एचडी रेडी टीव्हीला तर ७२०पीच बरं पडतं.

परदेशातून आणलेला टीव्ही असेल आणि बॉक्स लावल्यावर काहीच दिसत नसेल तर ५० हर्ट्झवर शंका घ्या. अमेरिकेतल्या बाजारासाठी बनवलेले अनेक टीव्ही फक्त ६० हर्ट्झ घेतात. बॉक्समध्ये ६० चा पर्याय असेल तर निभावतं. अशा टीव्हीचा व्होल्टेज मागच्या पट्टीवर आधी वाचा, ११० चा असेल तर थेट प्लगमध्ये घालू नका.

दुकानातल्या सीसीटीव्हीचा डीव्हीआर टीव्हीला जोडला, ‘आउट ऑफ रेंज’ येतं.

मार्केट यार्डातली अडत दुकानं, पेट्रोल पंप, दवाखाने, सगळीकडे हा प्रकार होतो. डीव्हीआर १०८०पी किंवा त्याहून वरच्या मोडवर लावलेला असतो आणि काउंटरवरचा टीव्ही एचडी रेडी असतो, बहुतेक वेळा व्हीजीएवर.

डीव्हीआरला आधी एखादा संगणकाचा मॉनिटर लावा. मेनूतून डिस्प्ले किंवा आउटपुटमध्ये जाऊन रिझोल्यूशन १२८०×७२० करा, व्हीजीए असेल तर १०२४×७६८. सेव्ह करा, डीव्हीआर बंद करा, मग टीव्हीला जोडा. टीव्ही आधी चालू करायचा, डीव्हीआर नंतर, कारण तो चालू होतानाच टीव्हीची यादी वाचतो. वीज गेली आणि आली की क्रम उलटा होतो, आणि ‘काल तर दिसत होतं’ अशी तक्रार येते ती यामुळेच.

रेकॉर्डिंगची चिंता करू नका. पडद्याचं रिझोल्यूशन कमी केलं तरी कॅमेऱ्याचं चित्र हार्ड डिस्कवर पूर्णच साठतं.

४के टीव्ही आहे, नेट जोरात आहे, तरी ओटीटीवर चित्र साधंच येतं.

इथे एचडीएमआयचा संबंध नाही, टीव्हीतल्या परवान्याचा आहे. नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप एचडी चित्र देण्याआधी टीव्हीत वाइडवाइन एल१ ही सुरक्षा पातळी आहे का ते बघतात. एल३ असेल तर चित्र साध्या दर्जाचंच मिळतं, पॅनेल कितीही भारी असो. काही स्वस्त टीव्हीत गुगलने मान्यता दिलेली टीव्हीची प्रणाली नसते, मोबाइलची अँड्रॉइड टाकलेली असते. तिथे हीच अडचण येते. ‘डीआरएम इन्फो’ हे अ‍ॅप टाकून पातळी बघता येते. उपाय म्हणून मान्यताप्राप्त ४के स्टिक एचडीएमआयला लावा, पण तो पोर्ट एचडीसीपी २.२ चा (नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची ही आवृत्ती) हवा. मध्ये जुना साउंडबार किंवा अ‍ॅम्प्लिफायर असेल आणि तो २.२ चा नसेल तर ४के तिथेच अडतं. स्टिक थेट टीव्हीत घाला, आवाज ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टातून साउंडबारला द्या.

नेटफ्लिक्सवर ४के साठी प्रीमियम प्लॅनच लागतो आणि १५ एमबीपीएसचा वेग.

यूट्यूबवर चित्र चालू असताना ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ चालू करा, खरं रिझोल्यूशन दिसतं. १०८० च्या वर जातच नसेल तर टीव्हीच्या चिपला व्हीपी९ किंवा एव्ही१ हे व्हिडिओचे प्रकार उलगडता येत नाहीत असं समजा. यूट्यूब ४के याच दोन प्रकारांत देतं.

केबल कोणती घ्यावी? दुकानदार ‘२.१ ची केबल’ म्हणून महाग देतो.

केबलला आवृत्ती नसते, वेगाचा वर्ग असतो. ‘हाय स्पीड’ १०८०पी आणि ४के ३० ला पुरते. ‘प्रीमियम हाय स्पीड’ १८ गिगाबिटची, ४के ६० साठी. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ ४८ गिगाबिटची, ४के १२० साठी. शेवटच्या दोन्हींच्या खोक्यावर स्कॅन करता येणारं लेबल असतं, ते स्कॅन करा.

लांबी हा खरा मुद्दा आहे. ४के ६० ला साधी तांब्याची केबल २-३ मीटरपर्यंत बिनघोर. ५ मीटरच्या पुढे भरवसा कमी होत जातो, आणि हॉलच्या टोकाला किंवा मंगल कार्यालयात १०-१५ मीटर न्यायची असेल तर फायबरवाली एचडीएमआय घ्या. तिची दोन्ही टोकं वेगळी असतात, ‘सोर्स’ लिहिलेलं टोक लॅपटॉपकडे. पाइपात ओढण्याआधी जमिनीवर पसरून तपासा. केबल कमी पडली की काळ्या भागात पांढरे ठिपके चमकतात, किंवा पडदा दोन-तीन सेकंद काळा होऊन परत येतो. रिझोल्यूशन खाली केल्यावर ते थांबलं तर दोष केबलचाच.

पॅनेलवर खरंच किती ठिपके आहेत, हे घरी मोजता येतं का?

येतं, आणि कुठल्याही जाहिरातीपेक्षा हे पक्कं. पडद्यावर पूर्ण पांढरं चित्र लावा. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे असतं तसं १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, किंवा मोबाइलचा मॅक्रो कॅमेरा. पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी न दाबता काचेला टेकवा. पांढरा रंग नाहीसा होऊन लाल, हिरव्या, निळ्या उभ्या काड्यांची रांग दिसेल. आडव्या एका सेंटिमीटरात लाल काड्या किती ते मोजा.

३२ इंचीत १९ आल्या तर पॅनेल १३६६ चं, २७ आल्या तर १९२० चं. ४० इंचीत १५ आणि २२. ४३ इंचीत २० म्हणजे फुल एचडी, ४० म्हणजे ४के. ५५ इंची ४के ला साधारण ३१-३२. एखाद-दुसरी काडी इकडेतिकडे होईल, त्याने निकाल बदलत नाही. लाल-हिरव्या-निळ्याच्या मध्ये पांढरी काडीही दिसली तर पॅनेल चार रंगांचं आहे.

दुकानात पैसे देण्याआधी काय तपासावं?

लॅपटॉप, चांगली २ मीटरची केबल आणि पेनड्राइव्ह घेऊन जा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि दुकानदार नाही म्हणाला तर त्यावरून काय ते समजा.

आदल्या दिवशी पेंटमध्ये टीव्हीच्या रिझोल्यूशनइतकं पान घ्या, उदाहरणार्थ १९२०×१०८०. झूम वाढवून एका ठिपक्याच्या जाडीची काळी उभी रेघ, मग एक ठिपका मोकळा, मग परत रेघ, असं थोडं काढून तेच कॉपी करत अख्खं पान भरा. पीएनजीत साठवा, जेपीजीत नको, कारण जेपीजी बारीक रेषा पुसट करतं.

दुकानात ते लॅपटॉपवरून एचडीएमआयने टीव्हीवर पूर्ण पडदाभर, १०० टक्के आकारात दाखवा. विंडोजचं स्केलिंगही १०० टक्के करा. सगळीकडे सुट्या रेषा दिसल्या तर टीव्ही तेवढं घेतो आणि तेवढंच दाखवतो. लाटा, करडे पट्टे दिसले तर आधी ओव्हरस्कॅन बंद करा. तरीही लाटा राहिल्या तर पॅनेल सांगितलं तेवढं नाही. हेच चित्र पेनड्राइव्हवरून टीव्हीतच उघडलं तर निकाल धरू नका, कारण अनेक ४के टीव्हींचा मेनू आणि फोटो १०८० मध्येच चालतात. पेनड्राइव्ह व्हिडिओसाठी.

‘४के सपोर्ट’, ‘४के प्लेबॅक’, ‘अल्ट्रा एचडी रेडी’ हे शब्द दिसले की थांबा. त्यांचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की ४के ची फाइल चालेल, पडद्यावर मात्र लहान होऊन. खोक्यावर किंवा मागच्या पट्टीवर ‘३८४०×२१६०’ आणि त्याआधी ‘पॅनेल’ किंवा ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’ असं स्पष्ट हवं. बीआयएसचा नोंदणी क्रमांक विद्युत सुरक्षेचा आणि ताऱ्यांचं लेबल विजेच्या खर्चाचं असतं. दोन्ही हवेत, पण रिझोल्यूशनची हमी त्यांतून मिळत नाही.

शेवटी जीएसटीच्या पक्क्या बिलावर मॉडेल क्रमांकाबरोबर ‘पॅनेल ३८४०×२१६०, एचडीएमआय ४के ६० हर्ट्झ’ असं लिहून घ्या. पुढे हीच ओळ कामाला येते.

दुरुस्तीनंतर चित्र आधीसारखं राहिलं नाही. बोर्ड बदललाय.

मूळ मदरबोर्ड मिळत नसेल तर मेकॅनिक युनिव्हर्सल बोर्ड बसवतात. त्यात रिझोल्यूशन जंपरने (बोर्डावरच्या पिना जोडणारी छोटी टोपी) किंवा पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर टाकून निवडायचं असतं. १३६६×७६८ ची पॅनेल एका चॅनेलच्या एलव्हीडीएस वायरीवर (बोर्डाकडून पॅनेलला जाणारी) चालतात, १९२०×१०८० ला दोन चॅनेल लागतात, आणि ४के ची जोडणीच निराळी, व्ही-बाय-वन. १०८० च्या पॅनेलला ७६८ चं सॉफ्टवेअर पडलं तर चित्र दुभंगतं किंवा रंग विस्कटतात. काही बोर्डांत मात्र चित्र ठीक दिसतं पण एचडीएमआयची यादी बोर्डाच्या मूळ कारखान्याची असते, त्यामुळे लॅपटॉपला भलतेच मोड दिसतात.

बोर्ड बदलण्याआधी मेकॅनिकला पॅनेलच्या मागच्या स्टिकरचा फोटो काढायला सांगा. टीव्हीचा नाही, पॅनेलचा मॉडेल क्रमांक. त्यावरून रिझोल्यूशन आणि व्होल्टेज दोन्ही कळतात. पॅनेलच्या व्होल्टेजचा जंपर ३.३, ५ आणि १२ असा असतो. ५ च्या पॅनेलला १२ दिले तर पॅनेल जळतं, आणि पॅनेल जळलं की टीव्ही भंगारात.

टीव्ही घेत नाही तो मोड जबरदस्तीने देता येतो का?

लॅपटॉपच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये ‘कस्टम रिझोल्यूशन’ असतं, तिथे करून बघायला हरकत नाही. एलईडी टीव्हीचं त्याने काही बिघडत नाही. चित्र आलं नाही तर हात लावू नका, विंडोज १५ सेकंदांत आपोआप जुन्या मोडवर येतं. यादी चुकीची असेल तर हा उपाय लागू पडतो. चिपचाच वेग कमी असेल तर नाही. जुन्या १०८०आय टीव्हीला फक्त १०८०पी देणारं उपकरण लावायचंच असेल तर मध्ये स्केलर (सिग्नल बदलून देणारा डबा) लावावा लागतो, आणि तो घेताना आउटपुटला १०८०आय निवडता येतं का ते बघून घ्या.

खोक्यावरचं खोटं निघालं तर तक्रार कुठे करायची?

आधी दुकानदार आणि कंपनी दोघांना लेखी कळवा, ईमेल चालतो. सोबत खोक्याचा फोटो, बिल, ‘लिस्ट ऑल मोड्स’चा स्क्रीनशॉट आणि भिंगातून काढलेला पट्टीसकट फोटो जोडा. ‘चित्र चांगलं नाही’ असं लिहू नका. ‘खोक्यावर ३८४०×२१६० छापलं आहे, पॅनेल १९२०×१०८० आहे, मोजणी सोबत’ असं लिहा.

दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग, सातारा आणि सांगली दोन्हीकडे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, टीव्ही ऑनलाइन मागवला असला आणि कंपनी दुसऱ्या राज्यातली असली तरी. दोन वर्षांची मुदत आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. दुकानासाठी घेतलेल्या टीव्हीबद्दल समोरचा ‘व्यावसायिक वापर’ म्हणून आडवा येईल. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेलं दुकान असेल तर कायद्यात त्याला सूट आहे, तक्रारीत ते आधीच नमूद करा.

निकाल लागेपर्यंत टीव्ही उघडू नका, कुणाला उघडू देऊ नका. खोकंही टाकू नका, माळ्यावर ठेवा. तो छापील आकडाच तुमचा पुरावा आहे.